दुरपेची ओली गाठ

बसा सगळे. पोरंसोरं पुढे, म्हातारे भिंतीला टेकून. आणि अहो पाहुणे, ती गाठ जरा हातातच राहू द्या, आवळू नका. कोरडी गाठ आवळायची आमच्या पाटवणात चाल नाही. का नाही, तेच आता सांगणार आहे. मध्ये कुणी बोललं तर मी उठून जाईन, मग बसा समुद्राकडे बघत.

फार वर्षांपूर्वी, म्हणजे माझ्या आजीच्या आजीलासुद्धा ही गोष्ट ऐकूनच ठाऊक होती इतक्या वर्षांपूर्वी, या पाटवणात दुरपा नावाची एक गाबतीण, मासेमाराची बायको, राहत होती. तिचा नवरा होडीसकट दर्यात गेला. माणूस गेल्याचं दुःख रडून थोडं तरी बाहेर पडतं, पण होडी गेल्यावर संध्याकाळी चुलीवर काय ठेवायचं, हे रडून सुटत नाही. दुरपा रडली, पोटभर रडली. मग तिने डोळे पुसले, आढ्याला टांगलेली नवऱ्याची दोरी काढली आणि तडक खडपावर जाऊन उभी राहिली.

खडप म्हणजे ते समोरचं, काळं, समुद्रात नाक खुपसून बसलेलं खडकाचं टोक. ज्यांच्याकडे होडी नाही त्यांची होडी म्हणजे ते खडप. विधवांची लेकरं, लंगडे, म्हातारे, सगळे तिथे उभे राहून गरवायचे. गरवायचं म्हणजे गरीला, म्हणजे गळाला, आमिष लावून दोरी फेकायची आणि मासा लागायची वाट बघायची. पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारल्या की होडीवालेसुद्धा तिथेच यायचे. चार महिने अख्ख्या वाडीच्या तोंडात जो काही मासा पडायचा, तो त्या एका दगडावरून.

पण गरवायचं पुरुषांनी. बाईने मासा विकायचा, चिरायचा, रांधायचा, धरायचा मात्र नाही. दुरपा दोरी घेऊन आलेली बघून लुमा तांडेल पुढे झाला. लुमा म्हणजे वाडीचा म्होरक्या, त्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. तो म्हणाला, "दुरपे, बाईमाणसाने गरी धरली तर दर्या रुसतो."

दुरपा म्हणाली, "माझा नवरा नेला तेव्हा काय हसत होता? रुसू दे एकदाचा."

लुमाला उत्तर सुचायच्या आत तिने दोरी फेकलीसुद्धा.

आता तिला काय लगेच मासे मिळाले असं नाही हो. पहिल्या पावसाळ्यात समुद्राने तिच्या गऱ्याच गऱ्या खाल्ल्या. जाड दोरी घेतली तर वारा ती अडवायचा, लाट ती ओढून न्यायची, आणि मासा लांबूनच बघून निघून जायचा. बारीक घेतली तर लांब जायची खरी, पण खडपाच्या धारेवर घासली की खल्लास. लोक हसायचे. दुरपा शिव्या द्यायची, दोरीला, खडपाला आणि हसणाऱ्यांना. तोंडाने फाटकी बाई ती, पण हाताने नेटकी. करता करता तिने आपली रीत बसवली. सणाची बारीक दोरी वळायची आणि ऐनाच्या सालीत उकळून काढायची. तिच्या टोकाला, गरीच्या बाजूला, हात-दोन हात जाड, चिवट, तीन पदर पिळलेला तुकडा जोडायचा. घासू दे त्याला खडपावर, चावू दे माशाला. आणि खाली बुडायला जो धोंडा बांधायचा, तो मुद्दाम कुजक्या सुतळीने. धोंडा कपारीत अडकला की सुतळी तुटते, धोंडा जातो, पण गरी आणि मासा हाती राहतो. दुरपा म्हणायची, "दोरीला एक जागा तरी तुटायला ठेवावी. जिला कुठेच तुटणं ठाऊक नाही, ती दोरी माणसालाच घेऊन जाते."

हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे तो जोड. बारीक आणि जाड दोरी एकमेकींत गुंतवायची, वेढे द्यायचे, आणि आवळायच्या आधी गाठीवर थुंकायचं. तोंड वाकडं करू नका! ओल्या गाठीचे पदर सरकतात आणि आपापल्या जागी बसतात. कोरडी आवळली की ते घासतात, आतल्या आत करपतात. वरून गाठ छान दिसते आणि मासा ओढतो तेव्हा दगा देते. आज तुमच्या हातात सणाच्या जागी तंगुसाचा, म्हणजे नायलॉनचा, दोरा आलाय, तरी रीत तीच आहे. असं म्हणतात की दुरपाने थुंकून बांधलेली गाठ खुद्द दर्यालाही सुटत नसे. असं म्हणतात, आणि मीही म्हणते.

तर अशी दुरपा खडपावर रुळली. तिचं बघून दुसऱ्याही चार बायका आल्या. तिची शेजारीण आनशी, ती पण रांडमुंड, पदरात लेकरं, तीही आली. आणि मग खोताला खडप आठवलं.

आपाजी खोत म्हणजे गावचा धनी. भातशेती त्याची, माड त्याचे, आंबे त्याचे. त्याला कुणीतरी सांगितलं की तुमच्या माडाची बाग जिथे संपते तिथेच खडप सुरू होतं, म्हणजे तेही तुमचंच की! झालं. माणसाचं पोट भरतं हो, डोळे भरत नाहीत. खोत जरीचा शेला मिरवत खडपावर आला आणि म्हणाला, "इथून पुढे रोजचा सगळ्यात मोठा मासा माझ्या घरी पोचवायचा. खडप माझं आहे."

आणि दुरपा त्याच वेळी जोड बांधत होती. खाली मान, तोंडात ओल जमवलेली. खोताचं "माझं आहे" संपायला आणि तिचं थुंकायला एकच गाठ पडली. थू!

खडपावर सगळे दगड झाले. खोताच्या तोंडाचा रंग पार उतरला. "माझ्यासमोर थुंकलीस?"

दुरपाने गाठ आवळली, दातांनी टोक कापलं, मग वर बघितलं. "गाठीवर थुंकले, धनी. कोरडी आवळली तर दोरी करपते. तुमच्यावर थुंकायचं असतं तर आधी सांगून थुंकले असते."

तेवढ्यावर थांबली असती तर? पण थांबेल ती दुरपा कसली! पुढे म्हणाली, "आणि मोठा मासा हवा असेल तर दोरी घ्या आणि उभे राहा आमच्या रांगेत. जागा देऊ की."

खोत म्हणाला, "सगळ्या गावासमोर या खडपावर नाक घास. नाहीतर इथे कुणी पाय ठेवायचा नाही. कुणीच!" आणि दुसऱ्याच दिवशी त्याचे गडी आले, वाटेवर निवडुंग आणि बाभळीचे काटे रचले, आणि काठ्या घेऊन बसले. होड्या शाकारलेल्या, समुद्र खवळलेला आणि खडप बंद. वाडीचा मासा संपला.

लोकांनी टाकळा खाल्ला, अळू खाल्लं, कुळथाची पेज पातळ करत करत प्याले. आनशीचं धाकटं पोर सुकून काडी झालं. तेव्हा आनशी दुरपाच्या दारात येऊन उभी राहिली आणि कडाडली, "तुझ्या तोंडापायी माझं पोर चाललं, दुरपे! घास गो नाक एकदा. नाक काय झिजतं?"

दुरपा म्हणाली, "नाक नाही झिजत, आनशी. खडप झिजतं. आज मी नाक घासलं तर मोठा मासा त्याचा. उद्या तो मधला मागेल. परवा म्हणेल, काटे तेवढे तुम्ही चघळा."

"उद्याचं उद्या! माझं पोर आज भुकेलंय!"

दुरपाने आपल्या मडक्यात होते नव्हते ते तांदूळ आनशीच्या पदरात ओतले. आनशीने घेतले आणि पाठ फिरवून गेली. दुरपाला काहीच वाटलं नाही असं समजू नका बरं. दार लावून ती हमसून हमसून रडली. दोनदा नाक घासायला म्हणून उठली, आणि दोनदा परत बसली.

मग तिने काय केलं, तर दोरीचं वेटोळं उचललं आणि रोज त्या काट्यांच्या अलीकडे जाऊन बसायला लागली. खोताच्या गड्यांच्या नाकासमोर. दोरी वळायची, जोड बांधायची आणि मोठ्याने थुंकायची. थू! गडी म्हणायचे, "ए, थुंकू नको." ती म्हणायची, "काट्यांच्या पलीकडे थुंकले का? नाही ना? मग हूं का चूं करू नका." लोक आधी लांबून बघायचे. मग जवळ बसायला लागले. रिकाम्या हातांना काम हवंच असतं. दुरपा एकेकाला शिकवायची, "असा वेढा, असा नाही रे मेल्या, उलटा! आता थुंक. थुंक की, तुझ्या बापाचं काय जातंय!" असं म्हणतात, त्या पावसाळ्यात पाटवणात मासा एक नव्हता, पण तसा जोड येत नाही असा माणूसही एक उरला नाही. लुमा तांडेलसुद्धा शिकला, पाठमोरा बसून. आनशी मात्र लांब उभी राहून बघायची आणि निघून जायची.

आणि आली नारळी पौर्णिमा. दर्याला नारळ द्यायचा मान खोताचा, आणि तो द्यायचा खडपाच्या टोकावरून. मान खोताचा असला तरी दर्या सगळ्यांचा, म्हणून त्या दिवशी काटे बाजूला झाले. सगळी वाडी वाजतगाजत गेली. प्रत्येकाच्या हातात दोरीचं वेटोळं होतं. नारळानंतर गडी हाकलेपर्यंत एखादा तरी मासा लागेल, ही आशा हो, दुसरं काय!

खोताने सोन्याचा कागद लावलेला नारळ सोडला. पण तो मागे फिरला नाही. त्याने मनगटासारखा जाड दोर मागवला. बैल बांधावा असला दोर, त्याला गरीही तशीच, हाताएवढी. खडपाखालच्या घळीत एक गोबरा मासा राहायचा, इतका जुना की त्याच्या पाठीवर शेवाळ उगवलेलं. सगळे त्याला आजोबा म्हणायचे आणि त्याच्या वाटेला जायचे नाहीत. खोत म्हणाला, "तुमचा आजोबा आज माझ्या पानात येणार. मग बोला खडप कुणाचं ते."

लुमा न राहवून म्हणाला, "धनी, गरीची गाठ तेवढी ओली करून आवळा."

"थुंकून बांधायला मी काय तुमच्यातला आहे?" खोत म्हणाला आणि त्याने गाठ कोरडीच आवळली. धोंडासुद्धा त्याच दोराला पक्का बांधला, कुजकी सुतळी वगैरे काही नाही. आणि वर काय केलं, तर मासा दोर हिसकावून नेईल म्हणून दोराचं दुसरं टोक आपल्या कमरेला बांधलं. दुरपा ओरडली, "कमरेला नको, धनी!" खोताने तिच्याकडे बघितलंही नाही.

आजोबाने आमिष घेतलं. घळीत शिरायचं सोडून तो थेट खोल समुद्राकडे निघाला. दोर ताठ झाला, आणि आपाजी खोत, जरीचा शेला, जोडे आणि मान यांच्यासकट खडपावरून उचलला गेला तो पाण्यात.

गड्यांच्या काठ्या हातातच राहिल्या. कुणीतरी म्हणालं, "जाऊ दे त्याला. दर्याने न्याय केला."

दुरपा कडाडली, "गप्प! हा बुडाला तर उद्या याचा मुलगा काटे लावेल. मला जिवंत खोताचा शब्द हवाय, मेल्याचा कोण पाळतो?" आणि तिने फेकली दोरी. असं म्हणतात, इतकी लांब दोरी त्याआधी कुणी फेकली नव्हती आणि त्यानंतरही नाही. वारा समोरून होता, तरी गरी बरोबर खोताच्या अंगरख्याच्या पाठीत रुतली.

पण आजोबा थांबतोय थोडाच! इकडे दुरपाच्या पायाशी वेटोळं संपत आलं. ती ओरडली, "दोरी संपली! जोडा!"

सगळ्यांत आधी कोण आलं असेल? आनशी. पोर कडेवर, हातात वेटोळं. तिने दुरपाच्या दोरीचं टोक धरलं, वेढे दिले आणि थू! असा जोड बांधला की बस. तिची दोरी संपली, तेव्हा लुमा तांडेलाने आपली जोडली. दर्या रुसेल म्हणणारा लुमा सगळ्यांदेखत थुंकला. मग म्हातारे, मग लंगडे, मग पोरंबाळं. शेवटी खोताचे गडीसुद्धा थुंकायला लागले. असं म्हणतात, दोऱ्या संपल्या तेव्हा बायकांनी विहिरीचे दोर आणले, म्हाताऱ्यांनी कमरेचे करगोटे सोडले, आणि देवळातल्या घंटेची दोरीसुद्धा आली. खोत पार तिकडे, आभाळ टेकतं तिथे एक ठिपका झाला होता, पण त्याचा आवाज खडपावर बसून बोलल्यासारखा स्पष्ट येत होता. तो दर्यानेच आणून पोचवला म्हणतात.

"दुरपे! ओढ!"

"ओढते की," दुरपा म्हणाली. "आधी सांगा धनी, खडप कुणाचं?"

"माझं! बापजाद्यांपासून माझं!"

"बरं." दुरपाने दोरी आणखी सोडली.

लुमा म्हणाला, "दुरपे, मरणाऱ्या माणसाशी घासाघीस करतेस?"

"आनशीचं पोर सुकत होतं तेव्हा त्याने केली नाही का? धर नीट, बोलू नको. धनी! खडप कुणाचं?"

खोताच्या नाकातोंडात पाणी गेलं. "तुझं! तुझं घे!"

"मला काय करायचंय? माझं म्हटलंत तर माझ्यामागे पुन्हा कुणीतरी तुमच्यासारखा येईल. नीट सांगा!"

मग खोत ओरडला. असं म्हणतात, ते ओरडणं पलीकडच्या खाडीतल्या गावालाही ऐकू गेलं. "ज्याच्याकडे होडी नाही त्याचं! सगळ्यांचं!"

"आता ओढा रे!"

आणि मग जी ओढाताण झाली! एका बाजूला आजोबा, एका बाजूला अख्खं पाटवण, आणि मध्ये खोत. काहीतरी तुटणारच होतं. वाडीच्या दोरीत गाठीच गाठी, बारीक दोरी, जाड दोरी, करगोटे, पण त्यातली एकही हलली नाही. सगळ्या ओल्या होत्या हो! कोरडी गाठ तिथे एकच होती, खोताच्या गरीची. ती करकरली आणि सटकली. आजोबा गरी घेऊन आपल्या वाटेने गेला, आणि खोत खडपावर येऊन आदळला.

बराच वेळ तो खारं पाणी ओकत होता. मग त्याने पाठीमागे हात नेऊन ती बारीक दोरी चाचपली. त्याचा विश्वास बसेना. म्हणाला, "एवढ्याशा दोरीने? कशाने धरलं मला?"

दुरपा म्हणाली, "थुंकीने."

खोत सुधारला, देवमाणूस झाला, असं सांगणारेही आहेत. मला नाही तसं वाटत. पण शब्द त्याने पाळला, कारण देताना सगळ्या गावाने ऐकला होता. काटे त्याच दिवशी निघाले, आणि आनशीच्या पोराने त्या संध्याकाळी पालू माशाचं कालवण ओरपलं.

दुरपा पुढे खूप म्हातारी झाली. मेली असं मात्र कुणी बघितलं नाही. एके दिवशी ती खडपावर दिसली नाही, आणि टोकाच्या दगडाला तिची दोरी बांधलेली होती, थेट खोल पाण्यात गेलेली, ताठ. लोकांनी ओढून बघितली, येईना. कुणी कापायला निघालं, तर लुमाचा नातू म्हणाला, राहू दे, ती आजोबाला धरून बसली असेल. असं म्हणतात, ती दोरी अजून आहे. भरतीला दिसत नाही आणि ओहोटीला बघायला जायची कुणाची छाती होत नाही.

आणि आम्ही काय करतो? नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की खोतांच्या घरातला जो कुणी हजर असेल त्याने खडपाच्या टोकावर जायचं. त्याच्या कमरेला दोरी बांधायची. दुसरं टोक वाडीतल्या ज्या बाईकडे होडी नाही तिच्या हातात. ती विचारते, "खडप कुणाचं?" त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर द्यायचं. यंदा त्या घरातला शिकलासवरला पोरगा आला होता, काळा चष्मा लावून. लाजला, पुटपुटला. आनशीच्या घरातली सून होती दोरी धरायला. तिने असा हिसका दिला की चष्मा गेला पाण्यात. मग काय बोलला म्हणता! देवळापर्यंत ऐकू आलं.

गेल्या वर्षी तिकडे पलीकडच्या बाजूला कुणीतरी तारेचं कुंपण घालायला माणसं आणली होती. म्हणे बंगले होणार, किनारा खासगी. आमच्या बायका दोरीची वेटोळी घेऊन गेल्या आणि त्या तारेच्या अलीकडे ओळीने बसल्या.

असो. झाली गोष्ट. अहो पाहुणे, ती गाठ अजून हातातच आहे ना? मग बघताय काय माझ्याकडे? थुंका.